तिकिटात हिमालय येत नाही

"एव्हरेस्ट करून आलो" असे म्हणणारी माणसे आता आपल्या आळीआळीतून भेटू लागली आहेत. दिवाळीच्या फराळाला गेले की चकलीच्या ताटलीबरोबर मोबाईलवरची छायाचित्रे पुढे येतात: विमानाची खिडकी, काचेवर आपल्याच चेहऱ्याची पुसट सावली, आणि पलीकडे पांढऱ्या शिखरांची रांग. पशुपतिनाथ केले, पोखरा केले, मुक्तिनाथ केले, आणि एका सकाळी तासाभराच्या विमानफेरीत एव्हरेस्टही केले. या 'करण्या'ला हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. ज्याने आयुष्यभर कचेरीच्या खिडकीतून समोरच्या चाळीची भिंत पाहिली, त्याने एकदा विमानाच्या खिडकीतून हिमालय पाहिला तर त्यात कोणाचे काय गेले?

माझे भांडण याच प्रवाशाच्या तोंडी येणाऱ्या दुसऱ्या एका वाक्याशी आहे. ढग आले, विमान उडाले नाही, किंवा उडून काही न दाखवता परत आले, की तो म्हणतो, "पैसे मोजलेत आम्ही. दाखवायला नको?" हे वाक्य उर्मट आहे म्हणून मला खुपते असे नाही, उर्मटपणा आपण बसस्टँडावर रोज पाहतो. हे वाक्य धोक्याचे आहे. उंच पर्वतांतल्या लहान विमानाच्या बाबतीत ते माणसांच्या जिवाशी येऊन भिडते. ते आपल्या घरांतून जावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हसणाऱ्यांचा समाचार घेते, कारण त्यांच्यामुळे मूळ मुद्दा झाकला जातो. पाठीवर पिशवी बांधून डोंगर चढणाऱ्या मंडळींत एक सोवळे आहे. त्यांच्या मते जो घाम गाळतो त्यालाच शिखर पाहण्याचा अधिकार. बाकीच्यांनी पाहिलेला डोंगर डोंगरच नव्हे. या न्यायाने सांधे धरलेल्या म्हातारीने, एका पायाने अधू असलेल्या मुलाने, हृदयाचे दुखणे असलेल्या गृहस्थाने हिमालय पाहूच नये. आपल्या महाराष्ट्राची रीत अशी नाही. आषाढीला पायी गेलेल्या वारकऱ्याचा मान मोठाच, पण एस.टी.ने पंढरपुरास उतरलेल्या आजीला कोणी "तुझा विठोबा खोटा" असे म्हणत नाही. गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही तर माणसे कळसाला हात जोडून परततात, आणि तेही दर्शनच असते. विमानाच्या खिडकीतून घेतलेले हिमालयाचे दर्शन हे असेच कळसाचे दर्शन आहे. ते गाभाऱ्यातले नाही हे त्या आजीलाही ठाऊक असते.

शिवाय सोवळ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. एव्हरेस्टच्या पायथ्याशी चालत जाणारे बहुतेक लोक लुक्ल्यापर्यंत लहान विमानानेच जातात. ती धावपट्टी एडमंड हिलरींनी १९६४ साली शेर्पांच्या मदतीने घडवली. मऊ जमीन घट्ट व्हावी म्हणून शेर्पांना तिच्यावर नाचायला लावले होते. ती झाली ती शाळा-दवाखान्यांचे सामान वर नेण्याच्या सोयीसाठी. युरोपात आल्प्समध्ये हर्मन गायगर याने १९५२ पासून हिमनद्यांवर विमान उतरवायला सुरुवात केली, ती झोपड्यांना रसद पोचवण्यासाठी आणि जायबंदी गिर्यारोहकांना खाली आणण्यासाठी. १९६० साली धवलगिरीवरच्या स्विस मोहिमेने 'यती' नावाचे पिलाटस पोर्टर जातीचे लहान विमान सुमारे ५,७०० मीटर उंचीच्या बर्फाळ खिंडीत उतरवले. पुढे तेच विमान त्याच डोंगरात मोडून पडले आणि दोघे वैमानिक पायी खाली आले. तात्पर्य, लहान विमान डोंगरात शिरले ते कामासाठी. मौजेने नंतर त्याचे बोट धरले. कामाच्या वेळी जी शिस्त होती ती मौजेच्या वेळी सुटते आहे, हे माझ्या तक्रारीचे मूळ आहे.

आता मौजेविषयी. ती खरी आहे, आणि ती नाकारणे खोटेपणाचे होईल. पोखऱ्याहून दोन माणसांचे एक चिमुकले विमान उडते. आपल्या रिक्षापेक्षा त्याचा पिंड मोठा नाही. पंख तेवढे लांब. पुढे-मागे बसलेली दोन माणसे, एक वैमानिक आणि एक पाहुणा. पोखरा आहे समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाआठशे मीटरांवर. आणि पंचवीस-तीस किलोमीटरांवर माच्छापुच्छ्रे उभे आहे ६,९९३ मीटर. मधे पायऱ्या नाहीत, उंबरठा नाही. भाताच्या खाचरांतून उठून ते थेट आकाशात गेले आहे. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. चार कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी माच्छापुच्छ्र्याचा माथा वरच राहतो. पाचवी ठेवली तर ती धवलगिरीच्या ८,१६७ मीटरांच्या किंचित वर डोके काढील. हे गणित वर्गात फळ्यावर मांडले तर मुले हसतात. तेच डोळ्यांसमोर उभे राहिले तेव्हा मला हसू आले नाही. सूर्य उगवत होता, खाली फेवा तलावावर अजून अंधार होता, आणि त्या माशाच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या माथ्यावर ऊन आले होते. वैमानिक काही बोलत नव्हता. मीही काही विचारले नाही.

पण जे डोळ्यांना दिसते तेवढाच डोंगर नसतो. मोठे प्रवासी विमान डोंगरांच्या वरून जाते. लहान विमान त्यांच्यामधून जाते. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. विरळ हवेत यंत्राची ताकद घटते, पंखांना आधार कमी मिळतो, वळायला अधिक जागा लागते. आणि नेमकी तिथेच जागा अपुरी होते, कारण दरी वर जाईल तशी चिंचोळी होत जाते. दरीचा तळ कधी कधी इतक्या वेगाने वर येतो की विमानाचे चढणे त्याला पुरे पडत नाही. म्हणून डोंगरात उडणाऱ्याला शिकवतात, की दरीच्या मधोमध जाऊ नकोस, एका कडेने जा, म्हणजे परत वळायला पुरी रुंदी हाताशी राहील. धारेला समोरासमोर भिडू नकोस, तिरका जा, म्हणजे पलीकडून वारा खाली दाबू लागला तर लगेच मागे फिरता येईल. या शिकवणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. डोंगरात उडण्याची निम्मी विद्या ही परत फिरण्याची विद्या आहे.

हवेचे वेळापत्रकही ठरलेले असते. पहाटे दऱ्या शांत असतात. ऊन चढते, उतार तापतात, दरीतली हवा वर चढू लागते, आणि तिच्याबरोबर बाष्प चढून त्याचे ढग होतात. अन्नपूर्णा आणि धवलगिरी यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यात तर दिवस वर आला की असा वारा सुटतो, की जोमसोमची विमाने सकाळीच आटपून घ्यावी लागतात. लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब, सुमारे बारा टक्के चढाची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. तेथे उतरताना चुकले तर पुन्हा वर उठून दुसरा प्रयत्न करण्याची सोय नाही. तिकडच्या वैमानिकांत एक बोलणे रूढ आहे, की आमच्या ढगांत दगड असतात. आपल्याकडे ढग म्हणजे कवितेचा विषय. तिकडे ढगामागे काय आहे हे ठाऊक नसणे म्हणजे मरण.

हे अलंकारिक बोलणे नाही. २५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्ट दाखवून काठमांडूला परतणारे एक लहान विमान ढगात शिरले आणि विमानतळाजवळच्या कोटडांडा टेकडीवर आपटले. एकोणीस माणसे गेली. त्यांत दहा भारतीय होते. ती शिखर पाहून आली होती. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले एक नवे कोरे ट्विन ऑटर ढगांत शिरून डोंगरावर आदळले, तेवीस गेले. २९ मे २०२२ रोजी त्याच वाटेवर, त्याच जातीचे दुसरे विमान गेले. बावीस माणसे, आणि त्यांत महाराष्ट्रातली चार. नेपाळच्या चौकशी आयोगाने नोंदवले, की वैमानिकांना नकळत विमान ढगाळ हवेत शिरले, योग्य मार्ग राखला गेला नाही, आणि पुढे जमीन आहे असा इशारा देणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. आणि आपल्याच देशात, १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले. सात जण गेले.

या अपघातांना प्रवाशांचा हट्ट कारण झाला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्यापाशी आधार नाही, आणि गेलेल्या माणसांवर तसला आरोप करणे हे पापच ठरेल. मी म्हणते ते एवढेच, की ज्या आकाशात परत फिरणे हाच मोठा बचाव आहे, तेथे परत फिरणाऱ्याचा हात धरणारी कोणतीही गोष्ट वाईट. कंपनीचा हात तो धरतोच. हंगाम चार महिन्यांचा, उडण्याची वेळ सकाळच्या चार तासांची, आणि न उडलेल्या प्रत्येक विमानाचा तोटा रोख. सहल काढणाऱ्याचा हात तो धरतो. त्याला दुपारी दुसरे गाव गाठायचे असते. या तराजूच्या एका पारड्यात ही सगळी वजने पडलेली असतात. दुसऱ्या पारड्यात एकट्या वैमानिकाचे "नाही" असते. आता सांगा, आपण प्रवाशांनी आपले वजन कोणत्या पारड्यात टाकायचे?

आपण कोणत्या पारड्यात टाकतो ते मी काठमांडूच्या विमानतळावर पाहिले आहे. सकाळचे सात वाजले होते. धुके उठत नव्हते. पर्वतफेरीला निघालेली पंचवीस-तीस माणसे बाकांवर बसून होती आणि त्यांतली निम्मी मराठी. अर्धा तास गेला, तास गेला. मग एक गृहस्थ उठले. चांगले शिकलेले, बोलण्यावरून अधिकारपदावरचे. खिडकीपाशी बसलेल्या मुलीला म्हणाले, "उद्या आमचे परतीचे विमान आहे. आज उडवा. हवे तर जादा पैसे घ्या." ती म्हणाली, "साहेब, हवा खुली नाही." ते म्हणाले, "कालच्या लोकांना कसे नेलेत? आमचेच पैसे खोटे आहेत काय?" मागून दोघा-तिघांनी दुजोरा दिला. एका बाईंनी तक्रारवही मागितली. ती मुलगी माझ्या दहावीच्या मुलींहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. ती पुन्हा पुन्हा आकाशाकडे बोट दाखवीत होती, जणू तिथले धुके तिच्याच हयगयीने आले होते. आणि त्या गृहस्थांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्यांचा हात धरून हे सगळे ऐकत होता.

मला काळजी वाटते ती त्या मुलाची. आपण मुलांना भूगोलात शिकवतो, की हिमालय हे भारताचे संरक्षक, नद्यांचे उगमस्थान, वगैरे. परीक्षेत दोन गुण मिळतात. पण त्या दिवशी त्या मुलाने जो धडा घेतला तो कोणत्याही पुस्तकाच्या धड्यापेक्षा पक्का बसला असणार. आवाज चढवला आणि नोटा दाखवल्या की ढगसुद्धा बाजूला व्हायला हवेत, हा तो धडा. हाच मुलगा उद्या पुराचे पाणी आलेल्या पुलावरून गाडी घालील, आणि धबधब्याच्या निसरड्या कड्यावर उभा राहून छायाचित्र काढील. नाही म्हणणारा प्रत्येक माणूस त्याला आळशी किंवा लाचखाऊ वाटेल. कारण नाही म्हणण्याला ज्ञान लागते, हे त्याला कोणी दाखवलेच नाही.

यावर मला दोन उत्तरे मिळतात. पहिले असे, की "आम्ही काही म्हटले तरी निर्णय वैमानिकाचाच, मग आम्हाला कशाला दोष? सरकारने नियम कडक करावेत." नियम कडक हवेतच. नेपाळी विमान कंपन्यांना युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या आकाशात बंदी घातली, ती काही गंमत म्हणून नव्हे. यंत्रे हवीत, हवामानाची ठाणी हवीत, चौकशीचे अहवाल धूळ खात पडू नयेत. पण नियम कागदावर कितीही कडक असला, तरी त्याची परीक्षा सकाळी सात वाजता त्या खिडकीपाशी होते. तेथे तीस माणसे ओरडत असतील तर नियम एकटा पडतो. तीसही माणसे "बरे आहे, थांबतो" म्हणाली, तर त्याला बळ येते. हे बळ देण्याला कायदा लागत नाही.

दुसरे उत्तर अधिक मनाला लागणारे आहे. "बाई, आम्ही चार वर्षे पैसे साठवले. रजा संपली. पुन्हा येणे होणार नाही. आमची हळहळ तुम्हाला कशी कळणार?" ही हळहळ मी समजू शकते. तिची थट्टा मी करणार नाही. परंतु हळहळीवर उपाय आहेत, आणि ते घरून निघतानाच करायचे असतात. विमानफेरी प्रवासाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. पहिल्या दिवसांत ठेवावी, म्हणजे एक-दोन सकाळी राखीव मिळतात. पावसाळ्यात जाऊ नये. पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. हवेमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे तिकीट काढतानाच विचारून लिहून घ्यावे. आणि जो दलाल "शंभर टक्के दाखवतो" असे सांगेल, त्याच्या दुकानातून सरळ उठावे. कारण तो थापाड्या तरी आहे, किंवा ढग असतानाही नेणारा आहे. दोन्ही प्रकारची माणसे आपल्या मुलाबाळांना आकाशात न्यायला योग्य नाहीत.

तिकीट काढताना आपण नेमके काय विकत घेतो, हे एकदा नीट समजून घ्यावे. आपण एक खुर्ची घेतो, थोडे इंधन घेतो, आणि एका जाणत्या माणसाचा सकाळचा तास घेतो. त्या माणसाची जाण हीच त्यातली सर्वांत महाग वस्तू. ती जाण "चला" म्हणते तेव्हा आपण खूष होतो आणि "फिरा" म्हणते तेव्हा फसवले गेल्यासारखे तोंड करतो. हे म्हणजे वैद्याला फी द्यायची आणि त्याने गोड औषध दिले तरच ती वसूल झाली असे मानायचे, तसे झाले. डोंगर त्या व्यवहारात कोणीच विकत नसतो, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही.

ज्यांनी एव्हरेस्टवर पहिल्यांदा विमान नेले त्यांचे उदाहरण पाहा. १९३३ साली दोन ब्रिटिश विमाने बिहारातल्या पूर्णियाजवळून उडून ३ एप्रिलला एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. लेडी ह्यूस्टन यांच्यासारख्या धनाढ्य बाईंची थैली त्यांच्यामागे होती. तरी वारा अनुकूल होईपर्यंत ती मंडळी दिवसचे दिवस पूर्णियात बसून होती. शिखराजवळ गेल्यावर खाली ओढणाऱ्या हवेच्या लोंढ्याने त्यांची विमाने एकाएकी शेकडो फूट खाली आली. एका छायाचित्रकाराची प्राणवायूची नळी चिरली. तिच्यावर हातरुमाल गुंडाळून तो बेशुद्ध पडला आणि नशिबाने शुद्धीवर आला. एवढे करून धुळीच्या पडद्यामुळे हवी तशी छायाचित्रे मिळालीच नाहीत. १९ तारखेला पुन्हा उडावे लागले. म्हणजे पैशाला पैसा आणि धाडसाला धाडस असूनही डोंगराने आपली वेळ सोडली नाही.

आणि ज्या माच्छापुच्छ्र्याचे वर्णन मी वर केले, त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९५७ साली विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे दोन इंग्रज गिर्यारोहक त्याच्या माथ्याच्या अगदी जवळ पोचले आणि तेथून परतले. शेवटचा बर्फ कठीण होता हे खरे. पण तो पर्वत तिकडच्या लोकांना पवित्र आहे म्हणून माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असा शब्दही दिलेला होता, असे सांगतात. त्या शिखरावर चढण्याची परवानगी मिळत नाही. आता गंमत पाहा, की त्या दोघांना कोणी हरलेले म्हणत नाही. जे माथ्याशी जाऊन परतले त्यांचा आपण मान राखतो, आणि धुक्यातून आपल्याला जिवंत परत आणणाऱ्या वैमानिकाला मात्र "पैसे बुडवले" म्हणतो.

तेव्हा या सुटीत जे कोणी तिकडे निघाले असतील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. जरूर जा. म्हाताऱ्या आईला खिडकीजवळ बसवा, मुलांना नकाशा दाखवा, कुठले शिखर कोणते ते आधी पाठ करून घ्या. हवा खुली मिळाली तर डोळे भरून पाहा, आणि मोबाईल थोडा वेळ खिशात राहू द्या. पण विमान अर्ध्या वाटेवरून वळले, तर मुलांच्या देखत वैमानिकाकडे जा आणि त्याला म्हणा, "बरे केलेत." त्याला त्या दिवशी हे शब्द ऐकायला मिळण्याचा संभव फार थोडा असतो. आणि मुलांनी विचारले, की आपण एव्हरेस्ट पाहिले का, तर खरे तेच सांगा: नाही पाहिले, ढग होते, म्हणून घरी आलो.